घटक ४ : ऐतिहासिक रहस्यकादंबरीचे लेखन – साधने, रचना आणि जबाबदारी

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला,
• ऐतिहासिक रहस्यकादंबरी या प्रकाराचे स्वरूप सांगता येईल.
• स्थानिक इतिहासातून कथाबीज कसे निवडावे, हे भंडारा जिल्ह्यातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• तत्कालीन कागदपत्रे, कालगणना आणि भाषा यांचा धागेदोरे म्हणून उपयोग कसा होतो, ते विशद करता येईल.
• कालविपर्यासाचे प्रकार ओळखता येतील.
• ऐतिहासिक व्यक्तींवर दोष ठेवताना लेखकाने पाळावयाच्या मर्यादांची चर्चा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण ऐतिहासिक कादंबरीच्या घटकांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात तिच्या एका उपप्रकाराकडे वळावयाचे आहे. ऐतिहासिक रहस्यकादंबरीत दोन वेगळ्या परंपरा एकत्र येतात. ऐतिहासिक कादंबरी गतकाळ जिवंत करते. रहस्यकादंबरी एखाद्या घटनेचे कारण दडवून ठेवते आणि पुराव्याच्या बळावर ते हळूहळू उघड करते. या दोन्ही परंपरांच्या अटी एकाच लेखकाला एकाच वेळी पाळाव्या लागतात, म्हणून हा प्रकार दिसतो त्यापेक्षा अवघड आहे.

मराठीला या दोन्ही वाटा नवीन नाहीत. रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. १८७१ पासून ती 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. गो. ना. दातार यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या कथानकांचा आधार घेऊन इतिहासाच्या पार्श्वभूमीवर उत्कंठावर्धक कादंबऱ्या लिहिल्या. पुढे बाबूराव अर्नाळकर यांनी रहस्यकथा घराघरांत पोहोचवली. जागतिक साहित्यात जोसेफिन टे यांनी १९५१ मध्ये 'द डॉटर ऑफ टाइम' या कादंबरीत रुग्णालयात पडून असलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याला इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजावरील खुनाच्या आरोपाची फेरतपासणी करावयास लावले. उंबेर्तो एको यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द नेम ऑफ द रोझ' या कादंबरीसाठी १३२७ सालातील एका मठाची पार्श्वभूमी निवडली. पहिल्या कादंबरीत आजचा माणूस भूतकाळाचा तपास करतो, तर दुसरीत भूतकाळातील माणूस त्याच्याच काळातील गुन्ह्याचा. या प्रकाराच्या या दोन मुख्य शक्यता होत. या घटकात आपण प्रामुख्याने दुसरीचा विचार करू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ कथाबीजाची निवड

नवोदित लेखक बहुधा रायगड, शनिवारवाडा किंवा पानिपत यांकडे धाव घेतो. ही स्थळे वाचकाच्या परिचयाची असतात हे खरे. परंतु तेथे काय घडले हेही त्याला आधीच ठाऊक असते. रहस्यासाठी अंधाराची जागा हवी. ती आपल्या परिसरात अनेकदा सहज सापडते.

तुमसर तालुक्यातील आंबागडाचे उदाहरण घेऊ. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा अधिकारी राजाखान पठाण याने सन १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला, असे मानले जाते. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला. गडावरील विहिरीचे दूषित पाणी पाजून येथील कैद्यांचा शेवट केला जाई, असे सांगितले जाते. हे कैदी कोण होते? त्यांचा अपराध कोणता? पाणी खरोखर प्राणघातक होते, की 'पाणी बाधले' हे सोयीचे उत्तर होते? आख्यायिका या प्रश्नांपाशी थांबते. कादंबरीकाराचे काम तेथून सुरू होते.

केवळ स्थळ मिळाल्याने कादंबरी होत नाही, त्याला काळाचा नेमका बिंदू लागतो. नागपूरच्या गादीवरील परसोजी भोसले १ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी मृतावस्थेत आढळले. कारभार पाहणारे त्यांचे चुलतभाऊ आप्पासाहेब त्या वेळी चांद्याकडे गेलेले होते. मृत्यूविषयी कुजबुज झाली, परंतु त्या वेळी काही सिद्ध झाले नाही. आप्पासाहेब गादीवर आले. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई झाली आणि पुढील वर्षी आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेत पडल्यावर परसोजींचा खून झाल्याचे प्रकरण उघडपणे पुढे आले. म्हणजे फेब्रुवारी ते नोव्हेंबर १८१७ हे दहा महिने असे आहेत, की राजधानीत एक गुपित आहे, ते जाणणारी माणसे आहेत आणि बोलण्याची सोय नाही. रहस्यकादंबरीला याहून पोषक हवामान कोणते?

आता कल्पनेचा प्रवेश होतो. परसोजींच्या महालातील एका कल्पित कारकुनाला श्रावणात आंबागडावर कैदेत धाडले जाते. काही दिवसांतच 'पाणी बाधून मयत' अशी खबर नागपूरच्या दफ्तरात येते. ती खबर नोंदवून घेणाऱ्या दुसऱ्या, कनिष्ठ कारकुनाला त्या कागदात काहीतरी खटकते. राजा, लढाई आणि किल्ला इतिहासातील. हे दोन कारकून कल्पनेतील. ही विभागणी लेखकाने प्रथम लिहून ठेवावी.

४.२.२ साधने : कागद काय सांगतो?

ज्या काळात कादंबरी घडते त्या काळात न्याय आणि कारभार कोणत्या कागदांवर चालत असे, हे लेखकाला ठाऊक हवे. मराठी अमदानीतील वादात पक्षकार आपली हकीकत 'करीना' म्हणून लिहून देत. साक्षीदाराचे कथन 'जबानी' म्हणून नोंदले जाई. सभेसमोर झालेल्या निर्णयाचा 'महजर' होई. परगण्याचा कारभार कमाविसदार पाहत असे, हिशेब फडणवीसाकडे असत आणि गावात पाटील असे. कागदांचे हे प्रकार केवळ वातावरणनिर्मितीसाठी नाहीत. त्यांतून कादंबरीची रचनाच उभी राहू शकते : एका प्रकरणात करीना, दुसऱ्यात तिला छेद देणारी जबानी, तिसऱ्यात दोघांनाही खोटे ठरविणारी खर्चाची नोंद.

नागपूर राज्यासाठी रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याचा १८२७ मध्ये छापलेला अहवाल आणि भंडारा जिल्ह्याचे जुने गॅझेटियर ही आरंभीची उपयुक्त साधने होत. मात्र ती राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलेली आहेत, हे विसरू नये. साधन जे सांगते त्याइतकेच ते कोणासाठी सांगते, हेही महत्त्वाचे असते.

साधनांचा अभ्यास तपासाच्या मर्यादाही ठरवितो. सोमलाचा अंश रासायनिक परीक्षेने निश्चितपणे ओळखण्याची मार्श याची पद्धत १८३६ मध्ये प्रसिद्ध झाली. बोटांच्या ठशांचे कार्यालय कोलकात्यात १८९७ मध्ये निघाले. १८१७ मधील आपल्या कारकुनाला विषप्रयोग सिद्ध करण्याचे यांपैकी एकही साधन उपलब्ध नाही. यामुळे लेखकाची अडचण होत नाही, उलट सोय होते. तपासणाऱ्याला आता माणसांच्या वागण्याकडे पाहावे लागते : त्याच विहिरीचे पाणी पिणारे इतर कैदी आणि पहारेकरी जिवंत कसे राहिले?

४.२.३ काळ आणि अंतर यांचे धागे

आधुनिक रहस्यकथेत घड्याळ आणि दूरध्वनी जे काम करतात, ते जुन्या काळात प्रहर, तिथी आणि वाट करतात. दिवसरात्र मिळून साठ घटिका, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. आठ प्रहर, म्हणजे एक प्रहर तीन तासांचा. साक्षीदार 'रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी' म्हणतो तेव्हा त्याच्या कथनात तीन तासांची पोकळी असते. त्या पोकळीत लेखकाला बरेच काही ठेवता येते.

मराठी पत्रांत तिथीबरोबर हिजरी महिन्याचा चांद्र दिनांकही 'छ' या खुणेपुढे लिहिला जाई. तिथीचा व्यवहार सूर्योदयाच्या आधाराने चालतो; इस्लामी दिवस मात्र सूर्यास्ताला बदलतो. त्यामुळे एकाच रात्रीची नोंद दोन पद्धतींत वेगवेगळ्या दिवशी पडू शकते. आपल्या कथेत याचा असा उपयोग करता येईल : गडाच्या रोजच्या वहीतील मृत्यूची तिथी आणि खबरेच्या पत्रावरील 'छ' यांत एका दिवसाचा फरक आहे. तपास करणारा कारकून प्रथम समजतो, की किल्लेदार खोटे बोलतो आहे. दफ्तरातील वयोवृद्ध मुनशी त्याला दोन पद्धतींतील भेद समजावून सांगतो आणि विसंगती नाहीशी होते. हा झाला दिशाभूल करणारा धागा. परंतु तो निव्वळ वाया जात नाही. त्यातून एक गोष्ट निश्चित होते, की पत्र सूर्यास्तानंतर लिहिले गेले आहे.

खरा धागा येथून निघतो. आवक वहीप्रमाणे हे पत्र पायी जासुदाने आणले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ते नागपुरात पोहोचले. आंबागडाहून नागपूर ही एका रात्रीची पायवाट नाही. शिवाय वाटेत कन्हान नदी आहे. श्रावणात तिला पूर असतो, पूल नाही आणि रात्री नाव मिळणे कठीण. मग पत्र इतक्या लवकर आले कसे? एकच उत्तर उरते : ते आंबागडाहून निघालेच नाही. ते नागपुरातच लिहिले गेले. गडावर त्या रात्री कोण मरणार आहे, हे नागपुरात बसलेल्या कोणाला तरी आधीच ठाऊक होते.

या उदाहरणातील एक तत्त्व लक्षात घ्यावे. उत्तम धागा त्या काळाच्या व्यवहारातून निघतो. हीच कथा तारायंत्र आल्यानंतरच्या काळात नेली, तर ती तत्काळ कोसळते. ज्या रहस्याला काळ बदलूनही धक्का लागत नाही, त्यात इतिहास केवळ वेशभूषेपुरता आहे, असे समजावे.

४.२.४ भाषा : साक्षीदार आणि शत्रू

ऐतिहासिक रहस्यकादंबरीत भाषा दोन प्रकारे काम करते : ती पुरावा असते आणि लेखकाची चूक उघडी पाडणारी साक्षीदारही असते.

(अ) लिपीचा पुरावा : १८१७ मधील कारभाराची लिपी मोडी होती. मोडीत इकार आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः लेखनात दाखविला जात नाही. म्हणून त्या काळच्या मोडी पत्रातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवरून लेखक ओळखला, असा प्रसंग रंगविणे अशास्त्रीय ठरेल. अक्षराचे वळण, मायन्याची पद्धत, शब्द संक्षेपाने लिहिण्याची सवय यांवरून मात्र लेखनिक ओळखता येतो. आपल्या कथेत पत्राचा मायना गडावरील कारकुनाच्या धाटणीचा नसून दरबारी फडातील सराईत हाताचा आहे, हा अंतरावरील धाग्याला पूरक पुरावा होईल.

(आ) बोलीचा पुरावा : भंडारा परिसराची झाडीबोली आपल्यापैकी अनेकांच्या घरची भाषा आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या अभ्यासासाठी मोठे कार्य केले आहे. या बोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो. प्रमाण मराठीतील 'डोळा' येथे 'डोरा' होतो, तर वऱ्हाडीत तो 'डोया' होतो. अनोळखी माणूस कोणत्या मुलखातला आहे हे त्याच्या एका शब्दावरून ओळखणे, हा धागा म्हणून अतिशय विश्वसनीय आहे. मात्र आज ऐकू येणारी बोली दोनशे वर्षांपूर्वी हुबेहूब तशीच होती, असे गृहीत धरू नये. तसेच बोली केवळ नोकर, चोर किंवा विनोदी पात्र यांच्या तोंडी घालू नये. तपास करणारा बुद्धिमान कारकूनही झाडीबोलीतच विचार करीत असणार.

(इ) शब्दाचे वय : कालविपर्यास म्हणजे एका काळातील वस्तू, कल्पना किंवा शब्द दुसऱ्या काळात आणणे. वस्तूंचा कालविपर्यास वाचकाला चटकन कळतो. १८१७ मध्ये आगगाडी कोणी आणत नाही. शब्दांचा कालविपर्यास मात्र नकळत घडतो. आपल्या जिल्ह्यातील 'मालगुजारी तलावां'चेच पाहा. यांतील अनेक तलाव जुने असून त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. परंतु मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क १८६० च्या दशकातील इंग्रजी जमाबंदीने मिळाले आणि 'माजी मालगुजारी' म्हणजेच 'मामा तलाव' हे नाव तर तो हक्क स्वातंत्र्यानंतर रद्द झाल्यावरचे. १८१७ मधील पात्राने 'मामा तलावाच्या पाळीवर भेटू' असे म्हटले, तर तलाव खरा असूनही वाक्य खोटे ठरते. त्याचप्रमाणे 'दिनांक' हा शब्द विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीने रूढ केला. जुन्या पात्राच्या तोंडी 'तारीख' किंवा तिथीच हवी.

घटनेचाही कालविपर्यास होतो. १८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोर येथे पटकीची मोठी साथ उद्भवली आणि नंतर ती देशभर पसरली. आपल्या कथेतील श्रावणात आंबागडावरील मृत्यूचे कारण म्हणून हीच साथ दाखविणे चुकीचे होईल. ती तोवर येथे पोहोचलेली नव्हती.

याचा अर्थ संपूर्ण कादंबरी बखरीच्या भाषेत लिहावी असा नाही. निवेदन आजच्या स्वच्छ मराठीत असावे. पत्रे, जबान्या आणि संवाद यांत त्या काळाचे शब्द मोजके आणि अर्थ संदर्भाने कळेल असे वापरावेत.

४.२.५ रचनेचे टप्पे

(१) शेवटाकडून आरंभ : गुन्हा कोणी, का आणि कसा केला, याचा वृत्तान्त लेखकाने प्रथम स्वतःसाठी सलग लिहून काढावा. हा वृत्तान्त वाचकासमोर येत नाही; परंतु तो नसेल, तर मध्यावर कथानक भरकटते.

(२) दुहेरी कालपट : एका वहीत डावीकडे इतिहासातील निश्चित घटना आणि उजवीकडे कथेतील घटना तारखांनुसार मांडाव्यात. उजवी बाजू डावीला कोठेही खोडून काढत नाही ना, हे पाहावे.

(३) तपास करणाऱ्याची निवड : १८१७ मध्ये व्यावसायिक गुप्तहेर नाही. म्हणून ज्याला कागद पाहण्याचा, घरात शिरण्याचा किंवा प्रश्न विचारण्याचा स्वाभाविक अधिकार आहे अशी व्यक्ती निवडावी : कारकून, वैद्य, सुईण, जासूद. त्या व्यक्तीला सत्य शोधण्याची किंमत मोजावी लागणार असेल, तर कादंबरीला खोली येते. आपल्या कनिष्ठ कारकुनाने खोटे उघड केले, तर पुढचा कैदी तोच असू शकतो.

(४) धाग्यांची न्याय्य वाटणी : तपास करणाऱ्याला जे दिसले ते वाचकालाही दिसले पाहिजे. आवक वहीतील 'पायी जासूद' हा उल्लेख तिसऱ्या प्रकरणात सहज येऊन जावा. त्याचा अर्थ अखेरीस उलगडावा. अखेरच्या प्रकरणात नवाच पुरावा काढणे ही वाचकाची फसवणूक होय.

(५) पुनर्लेखन : दुसऱ्या खर्ड्यात अभ्यासाचे ओझे उतरवावे. लेखकाला दहा गोष्टी माहीत असाव्यात आणि त्यांतील दोन पानावर याव्यात.

४.२.६ जबाबदारी : गुन्हेगार कोणाला ठरवावे?

या प्रकारातील सर्वांत गंभीर प्रश्न तंत्राचा नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरले, हे प्रसिद्ध आहे. परंतु जनमानसात त्याहून खोल रुजली ती 'ध चा मा' ही गोष्ट : 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले. ही कथा समकालीन पुराव्यापेक्षा आख्यायिकेच्या आणि नाट्यमयतेच्या बळावर टिकली आहे. एका अक्षराचे रहस्य इतके आकर्षक ठरले, की त्यापुढे पुरावा मागण्याची कोणाला गरज वाटली नाही आणि एका स्त्रीचे नाव मराठी भाषेत वाक्प्रचारासह कायमचे आरोपी झाले.

कादंबरीकाराचे सामर्थ्य आणि धोका या एका उदाहरणात सामावलेले आहेत. इतिहासकार 'पुरावा अपुरा आहे' असे म्हणून थांबू शकतो. रहस्यकादंबरीकाराला शेवटी कोणाकडे तरी बोट दाखवावेच लागते. मृत व्यक्ती उत्तर देऊ शकत नाही. म्हणून तीन पथ्ये सुचवावीशी वाटतात. पहिले, इतिहासात ज्याचा दोष सिद्ध नाही अशा खऱ्या व्यक्तीला नवा गुन्हा चिकटवू नये. गुन्हेगार शक्यतो कल्पित असावा. दुसरे, पुस्तकाच्या अखेरीस खरे काय आणि कल्पित काय, हे लेखकाने टिपणात सांगावे. तिसरे, गुन्हेगार म्हणून एखादा समाज उभा करू नये. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, तरी तो शिक्का अनेकांच्या वाट्याला आजही येतो. कादंबरीतील आळशी कल्पनाशक्ती तो शिक्का पुन्हा गडद करते.

याची दुसरी बाजूही आहे. आंबागडावर मेलेल्या कैद्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. राजाच्या मृत्यूची चौकशी कधीतरी होते. कारकुनाच्या, पहारेकऱ्याच्या, बटकीच्या मृत्यूची होत नाही. 'पाणी बाधले' या दोन शब्दांत मिटवून टाकलेल्या अशा एखाद्या मृत्यूविषयी कोणीतरी प्रश्न विचारला असता तर, ही कल्पना करणे म्हणजे इतिहासाची मोडतोड नव्हे. इतिहासाने ज्यांची दखल घेतली नाही त्यांची दखल घेण्याचा तो साहित्याचा मार्ग आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी कोणती मानली जाते?
२. पक्षकाराने लिहून दिलेल्या हकीकतीला काय म्हणत?
३. मोडी पत्रातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक धागा म्हणून का वापरता येत नाही?

ब) चूक की बरोबर ते सांगा.
१. १८१७ मधील पात्राच्या तोंडी 'मामा तलाव' हा शब्द योग्य ठरतो.
२. तपास करणाऱ्याला दिसलेला धागा वाचकालाही दिसला पाहिजे.

४.३ सारांश

ऐतिहासिक रहस्यकादंबरीत गतकाळाचे चित्रण आणि गुन्ह्याचा तर्कशुद्ध उलगडा यांचा मेळ घालावा लागतो. कथाबीजासाठी स्थानिक इतिहासातील अनुत्तरित जागा उपयुक्त ठरतात. कागदपत्रांचे प्रकार, कालगणना, अंतरे, लिपी आणि बोली यांतून निघालेले धागे सर्वांत विश्वसनीय असतात. शब्दांचा कालविपर्यास विशेष दक्षतेने टाळावा लागतो. लेखकाने शेवट आधी निश्चित करावा, दुहेरी कालपट ठेवावा आणि वाचकापासून पुरावा लपवू नये. खऱ्या व्यक्तींवर आणि समाजांवर निराधार दोष न ठेवणे हा या लेखनाचा नैतिक पाया आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

कालविपर्यास – एका काळातील गोष्ट चुकीने दुसऱ्या काळात दाखविणे.
करीना – वादातील पक्षकाराने लिहून दिलेली हकीकत.
महजर – सभेसमोर झालेल्या निर्णयाचा लेख.
मायना – पत्राच्या आरंभीचा ठरावीक मजकूर.
जासूद – निरोप व पत्रे पोहोचविणारा सेवक.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १. रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड'. २. करीना. ३. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः दाखविला जात नाही म्हणून.
ब) १. चूक. २. बरोबर.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'उत्तम धागा त्या काळाच्या व्यवहारातून निघतो' हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'ध चा मा' या आख्यायिकेच्या आधारे ऐतिहासिक रहस्यकादंबरीकाराच्या जबाबदारीची चर्चा करा.
३. टीपा लिहा : (अ) दुहेरी कालपट (आ) शब्दांचा कालविपर्यास.

उपक्रम : आपल्या तालुक्यातील एखादे जुने स्थळ निवडा – पवनीचा तट, सानगडीचा किल्ला, गावचा तलाव किंवा तुमसर परिसरातील मँगनीजची खाण. त्याविषयी घरातील अथवा गावातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली एक गोष्ट त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. नंतर त्या गोष्टीत कोणता प्रश्न अनुत्तरित राहतो, तो एका वाक्यात मांडा. ते वाक्य नीट साधले, तर आपल्या कादंबरीचा आरंभ आपल्या हाती आला, असे समजा.